मनात म्हणायचा मध्यम

आमच्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट सुरुवातीपासून सांगितलेली नाही, आणि त्यांनी सांगितलेली एकही गोष्ट मला पहिल्या झटक्यात कळलेली नाही. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. राहणार अष्टमी, म्हणजे रोह्यातून कुंडलिकेचा पूल ओलांडला की पलीकडे. त्यांचा फोन येतो तोच मुळी "आणि मग तो म्हणाला, ही छत्री कुणाची?" असा. कोण म्हणाला, कुठली छत्री, हे विचारायची सोय नाही. विचारलं तर ते आणखी पुढून कुठून तरी सुरू करतात. पत्ता सांगतात तोही "पूर्वी गिरण होती तिथं वळा" असा. गिरण पाडून जमाना झाला. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे निघालो तेव्हा पुलावरून तीनदा इकडून तिकडे गेलो, आणि शेवटी कंटाळून ज्या गृहस्थांना पत्ता विचारला ते मामाच निघाले. "मी म्हटलं, हा कोण मगाधरनं पूल मोजतोय!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

मामा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला होते. होते म्हणायचं, पण त्यात थोडा घोळ आहे. कंपनीने त्यांना निवृत्त केलं, मामांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. ते अजूनही शिफ्टप्रमाणे जगतात. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक थर्ड. फर्स्ट असली की पहाटे उठून, दाढी करून, शर्ट खोचून ओट्यावर बसतात. थर्ड असली की दिवसा पडदे ओढून घोरतात, आणि त्या आठवड्यात सकाळी अकराला त्यांच्याकडे गेलेला पाहुणा दारातूनच परत येतो. मामी असेपर्यंत त्याही शिफ्टप्रमाणे डबा भरून देत, आणि मामा तो ओट्यावर नेऊन, बरोबर सुटीच्या वेळेला उघडून खात. मामींना जाऊन आता तीन वर्षं झाली. डबा बंद झाला, शिफ्ट चालू राहिली.

अशा माणसाच्या हाती मी माझ्या मुलीचे दहावीचे जादा गुण सोपवले. त्याचं झालं असं. मुक्ताच्या पेणच्या शाळेत संगीत हा विषय नाही. पण शाळेबाहेर संगीताच्या परीक्षा दिल्या तर दहावीच्या निकालात काही गुण वाढून मिळतात. किती परीक्षा, कुठली पातळी, दाखला कुणी कुणाकडे पाठवायचा, हे मी शाळेत चार वेळा जाऊन समजावून घेतलं आणि चारही वेळा वेगळं समजून आलो. एवढं मात्र पक्कं कळलं की मुक्ताची एकच परीक्षा राहिली आहे आणि ती हुकली तर आधीच्या सगळ्या वाया. नेमक्या त्याच वेळी तिच्या गाण्याच्या बाई पनवेलला राहायला गेल्या. आम्ही हवालदिल. तेवढ्यात मामांचा फोन आला, "तर पेटी मी गाडीत चढवलीय, तुम्ही स्टेशनवर या." मी आज्ञाधारकपणे पेण स्टेशनला गेलो. मामा उतरले ते काखेत छत्री आणि दोन्ही हातांत त्यांच्या भजनी मंडळाची पेटी घेऊन.

मामा मंडळात चाळीस वर्षं पेटी वाजवतात. शिकवतात मात्र शिफ्टप्रमाणे. फर्स्ट असली की संध्याकाळी येणार, सेकंड असली की सकाळी. थर्डच्या आठवड्यात ते सकाळी येऊन सा धरत आणि सा धरल्या धरल्या त्यांचा डोळा लागे. भाता थांबला की मुक्ता त्यांना हलवी, "मामाआजोबा, सा गेला." "गेला कुठं, हाय की," असं म्हणून ते पुन्हा भाता मारत.

एके दिवशी मुक्ता मला म्हणाली, "पपा, मामाआजोबा म गाळतात." मी गाण्यातला ढ. पण बसून ऐकलं, तर खरंच. सा, रे, ग म्हणून झालं की मामा गप्प. एक मात्रा शांतता. मग प, ध, नी, सा. उतरतानाही तसंच, प आणि गच्या मध्ये रिकामी जागा. बोट मात्र त्या पट्टीवर व्यवस्थित पडे, पण पेटीतून आवाज येत नसे. मी विचारलं, "मामा, म कुठे गेला?"

"म मनात म्हणायचा," मामा शांतपणे म्हणाले. "आमच्या मंडळात समदे तसाच म्हणतात."

शास्त्रीय संगीतातल्या असंख्य गोष्टी मला कळत नाहीत, त्यातलीच ही एक असेल असं समजून मी गप्प बसलो. पण रात्रंदिवस मनाला चुटपुट. परीक्षक मनातलं ऐकणार कसं? मी बायकोला म्हटलं, तू तरी मामांना सांग. ती म्हणाली, "मामी गेल्यापासून मामा पहिल्यांदा अष्टमीबाहेर पडताहेत. त्यांना काही विचारू नकोस." झालं. वर्षभरात माझ्या पोरीला गप्प बसायची अशी सवय लागली की आंघोळ करताना गुणगुणली तरी गनंतर थांबायची. मी बाहेर टॉवेल घेऊन उभा, आणि माझाही जीव त्या एका मात्रेपुरता अडकलेला.

परीक्षेचं केंद्र आलं रोह्याला. मुक्ता घाबरली, अनोळखी जागा, अनोळखी परीक्षक. मामा म्हणाले, "भितेस कशाला गो बाय? मी पण बसतो." मला वाटलं, बसतो म्हणजे बाहेर बाकावर. पण त्यांनी खरोखरच त्या परीक्षामालेतल्या पहिल्या परीक्षेचा फॉर्म भरला. शाळेच्या नावाच्या रकान्यात 'प्लांट नंबर दोन' असं लिहिलं. लेखी पेपराला एवढ्याशा पोरांच्या मधे बसून त्यांनी दोन पुरवण्या घेतल्या. बाहेर आल्यावर कसा गेला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "शेवटनं सुरू केला, सुरुवातीला वेळ पुरला नाय."

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मामांची थर्ड होती. मला धास्ती की झोपतील. पण आले ते टक्क जागे, इस्त्रीचा शर्ट घालून. "आज रजा टाकलीय," म्हणाले.

त्यांचं नाव मुक्ताच्या आधी पुकारलं गेलं. वर्गाचं दार उघडं होतं, आम्ही दोघं बाहेरच उभे. परीक्षक बाई चांगल्या होत्या. त्यांनी वयाचा मान राखून "बसा काका" म्हटलं आणि स्वतःच्या पेटीवर सा दिला. मामांनी डोळे मिटले. आवाज काय लागला होता! सा, रे, ग. आणि थांबले. बाईंना वाटलं असावं, काका विसरले. त्यांनी मदत म्हणून हळूच आपल्या पेटीवर म दाबला.

तो म वर्गभर वाजला आणि मामांनी गर्रकन मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात आम्ही होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आमच्यामागे पाहिलं. मग उठले, बाईंना नमस्कार केला आणि बाहेर आले. बाई "काका, पुढे म्हणा ना," म्हणत राहिल्या.

मुक्ताला आत ढकलून मी जागीच उभा राहिलो. मामांकडे जावं की पोरीचं ऐकावं, काही कळेना. आतून आलं सा, रे, ग. आणि लगेच म आला. स्वच्छ, मोठ्याने.

नंतर आम्ही तिघे पुलावरून अष्टमीकडे चालत निघालो. मुक्ता पुढे, आम्ही मागे. पुलाच्या मध्यावर मामा कठड्याला टेकून थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, त्या वर्षी पूर आला व्हता." मी चमकलो. चक्क सुरुवात. पुरात घरात पाणी शिरलं, पेटी भिजली, बाकी सगळे सूर वाळून परत आले, मधला म मेला. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे भजनाआधी सगळे एकदा सरगम म्हणत. ती ग पाशी अडली, तशी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या मामी म म्हणाल्या. सगळे हसले. पेटी दुरुस्तीला न्यायची ठरली, पण दर एकादशीला मामी दारातून म म्हणत गेल्या, आणि दुरुस्ती राहून गेली. मामी गेल्यावरही मंडळ तिथे थांबत राहिलं. "तो तिचा व्हता ना. आपण कसा म्हणायचा?" मामा म्हणाले. "आज मला वाटलं, दारातनंच आला." मी त्यांचा हात धरला.

मुक्ता पास झाली. मामा नापास झाले, आणि तो निकाल त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या एकादशीला आम्ही पेटी परत द्यायला अष्टमीला गेलो. तेव्हा कळलं की वर्षभर मंडळ नुसत्या टाळ-पखवाजावर भजन करत होतं. पेटी आमच्याकडे होती. मी म्हटलं, "मामा, दुरुस्त करून आणतो." मामा म्हणाले, "नको. ऱ्हाऊदे."

मंडळ बसलं. सरगम सुरू झाली. सा, रे, ग. मामांचं बोट मुक्या पट्टीवर पडलं, सगळे थांबले, आणि दारात चपला काढत असलेली मुक्ता म म्हणून गेली. तिला वर्षभराची ती रिकामी मात्रा सहन झाली नसावी. मंडळातले म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. मामांनी या वेळी मान वळवली नाही. भाता तेवढा हळू झाला.

"बाय," ते पेटीकडे बघतच म्हणाले, "जरा चढा लागला. परत म्हण."

चढा होता की नव्हता, मला कळत नाही. तिने परत म्हटला. त्यांनी तो आणखी दोनदा म्हणायला लावला.