ब्रेकबाईंची सुधारलेली गाडी

शहरातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला ज्यांनी शिकवलं, त्या बाईंचं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं आणि तिथंच राहिलं. समोर असल्या की मॅडम, आणि पाठ वळली की ब्रेकबाई. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर बाईंनी उभी हयात काढली होती. कुत्र्याच्या मनात रस्ता ओलांडायचा विचार येण्याआधी बाईंचा पाय दाबलेला असतो, असं लोक सांगत. बाई ते खोडून काढत नसत. आपल्याबद्दल खरं बोलणाऱ्याला कशाला अडवा?

नवरा गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूल त्या आणि त्यांचा धाकटा दीर मिळून चालवू लागले. मिळून म्हणजे असं, की बाई शिकवत आणि दीर बदल सुचवत. जुन्या गाडीचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे आणि गिअर टाकताना ती म्हातारीसारखी कण्हत असे. पण ती कालही तशीच होती आणि परवाही तशीच. दिराला नेमकं तेच खटकायचं. एक दिवस तो नवी कोरी गाडी घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, ही गाडी शिकत जाते," तो म्हणाला.

"कोण शिकवतं तिला?"

"कंपनी. आपण झोपलो की वायफायवरून. लेन धरते, ब्रेक लावते, सगळं स्वतः करते. आणि दर अपडेटला आणखी हुशार होते."

"इतकी हुशार आहे, तर आपल्या शाळेत कशाला घातलीत भाऊजी?" बाईंनी विचारलं आणि किल्ली घेतली.

पहिला अपडेट लवकरच आला. सकाळी स्क्रीनवर मजकूर होता: आपला प्रवास अधिक आनंददायी व्हावा म्हणून काही सुधारणा केल्या आहेत. कोणत्या, ते लिहिलं नव्हतं. आनंद हा अचानकच मिळावा, असं कंपनीचं मत असावं. त्या दिवशी शिकाऊ मंडळींना तो मिळालाही. खड्डा चुकवायला कुणी जरा बाजूला सरकला, की स्टिअरिंग त्याचा हात मायेनं धरी आणि त्याला परत खड्ड्यात आणून सोडी. कारण खड्डा लेनच्या बरोब्बर मधोमध होता, आणि गाडी शिस्तीची होती.

बाईंकडे त्या सुमारास एक दातांच्या डॉक्टरीण शिकत होत्या. भल्याभल्यांच्या जबड्यात निर्धास्त हात घालणारी ही बाई स्टिअरिंगला हात लावताना मात्र थरथर कापे. आरशात बघत जा, बघत जा, असं बाईंनी त्यांना घोकून घोकून शिकवलं. पुढच्या अपडेटनं गाडीला चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा सुरू करून दिला. डॉक्टरीणबाईंनी आरशात बघितलं रे बघितलं, की गाडी किंचाळे: चालकाचं रस्त्याकडे लक्ष नाही.

"मॅडम, आरशात बघू की नको?" डॉक्टरीणबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"बघा. पण तिला कळू देऊ नका."

इथपर्यंत बाईंनी सोसलं. त्यानंतरच्या अपडेटला मात्र गाडीनं थेट बाईंच्या हक्काच्या जागी हात घातला. ती ब्रेक लावू लागली, आणि तोही बाईंच्या आधी. झाडाची सावली दिसली, लाव ब्रेक. जाहिरातीच्या फलकावरचं गुबगुबीत बाळ दिसलं, लाव ब्रेक. बाईंचा पाय पोचेपर्यंत गाडी थांबलेली, डॉक्टरीणबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला आणि मागच्या रिक्षावाल्यानं बाईंच्या सात पिढ्यांची विचारपूस सुरू केलेली. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय? बाईंना राग आला, पण रागाच्या तळाशी जे होतं त्याला राग म्हणत नाहीत. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी लोक आपल्याला ओळखत होते, ती आता कुणीही विकत घेऊ शकत होतं, आणि वर पाच रंगांत निवडूही शकत होतं.

डॉक्टरीणबाईंची परीक्षा ठरली होती. परीक्षक शेजारी बसले, बाई मागे. डॉक्टरीणबाई कधी नव्हे ते छान चालवत होत्या. तेवढ्यात वाऱ्यानं सरबताचं एक रिकामं खोकं रस्त्यावर लोळत आलं. गाडीनं जीव खाऊन ब्रेक मारला. परीक्षकांच्या मांडीवरचे कागद काचेवर जाऊन चिकटले.

"नापास," परीक्षक कागद गोळा करत म्हणाले. "ब्रेक तुम्ही लावला नाहीत."

"पण खोक्यासाठी थांबायची गरजच नव्हती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे विनाकारण थांबलात. तेही लिहितो."

बाई तडक सर्व्हिस सेंटरला गेल्या. काचेच्या टेबलामागे एक टाय घातलेला तरुण बसला होता. त्यानं बाईंना पाणी दिलं आणि सगळं ऐकताना मान अशी हलवली, की जणू त्याच्या घरातलंच कुणी नापास झालंय.

"हा दोष नाही मॅडम, ही सुधारणा आहे."

"ती बंद करता येईल का?"

"आधी येत होती. ग्राहकांच्या सोयीसाठी ते बटण काढून टाकलंय."

"कोणत्या ग्राहकानं मागितली होती ही सोय?"

"सोय मागावी लागत नाही मॅडम," तो समजुतीच्या स्वरात म्हणाला. "तुम्ही स्क्रीनवरून तक्रार नोंदवा. थेट वर जाते."

बाईंनी गाडीत बसून गाडीचीच तक्रार गाडीकडे केली. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, असं गाडीनं सांगितलं. मोलाच्या वस्तू लोक कुलपात ठेवतात आणि विसरतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी विषय सोडून दिला.

दिवस गेले. माणूस कशालाही सरावतो, आणि सुखाला जरा लवकरच. शिकवणी संपल्यावर बाईंचा गुडघा दुखायचा, तो दुखेनासा झाला. कुणी कितीही वेंधळेपणा केला तरी गाडी थांबतेच, हे एकदा लक्षात आल्यावर बाई सीटला टेकून बसू लागल्या. मग खिडकीबाहेर बघू लागल्या. मग एक दिवस थर्मास बरोबर आला. विद्यार्थी घाम पुसत गाडी वळवत आणि बाई थर्मासच्या झाकणातून चहाचे घोट घेत "छान, आता दुसरा गिअर" म्हणत. गाडीला नावं ठेवणं त्यांनी अर्थात सोडलं नव्हतं. घोटाघोटाला ठेवत.

अशाच एका सकाळी त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर गेल्या. परीक्षा पुन्हा द्यायची होती. पुढे कडेला झाडूवाल्याची हातगाडी उभी होती, वाळक्या पानांनी शिगोशीग भरलेली. झाडूवाला नळावर पाणी पीत होता. डॉक्टरीणबाई मन लावून आरशात बघत होत्या. हातगाडी बाईंना चांगली लांबून दिसली. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि गाडी ब्रेक लावायची वाट बघत बसल्या.

गाडीनं हलकेच ट्यूं केलं. शेजारच्या घरी पाहुणे आले असताना आपण खाकरतो, तितपत. मग ब्रेक लावला खरा, पण नव्या सुनेनं उंबरा ओलांडावा तसा, बेतानं. हातगाडी आडवी झाली. पानांचा ढीग टपावर आला आणि चहा बाईंच्या मांडीवर.

झाडूवाला धावत आला. त्यालाही कधीकाळी बाईंनीच शिकवलं होतं. त्यानं आडव्या हातगाडीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"मॅडम, तुम्ही बसला असताना?" तो एवढंच म्हणाला.

तो चार शिव्या घालता तर बरं झालं असतं.

"माझंच चुकलं," डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "मी आरशातच बघत राहिले."

बाईंच्या हाताशी गुन्हेगारांची काही कमी नव्हती. शेजारी डॉक्टरीणबाई होत्या, घरी दीर होता, आणि कंपनी तर कायमचीच. त्यांनी क्षणभर तिघांनाही मनातल्या मनात उभं करून पाहिलं.

"नाही डॉक्टर," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकताय. मी चहा पीत होते."

मग दोघी खाली उतरून पानं भरू लागल्या. झाडूवाल्यानं नको नको म्हणून पाहिलं आणि मग एक झाडू बाईंच्या हातात दिला.

घरी दीर चेपलेल्या बंपरवरून हात फिरवत बसला.

"भाऊजी, काल काही आलं होतं का गाडीचं?"

"फोनवर आलं होतं. दाढी करत होतो, मान्य म्हणून दाबलं. ते वाचत कोण बसतं?" त्यानं फोन काढला, वाचलं, आणि त्याचा चेहरा जरा उजळला. "वहिनी, हे बघा. ग्राहकांच्या तक्रारींचा विचार करून आपोआप लागणारा ब्रेक अधिक सौम्य केला आहे. तुम्हीच केली होती ना तक्रार?"

बाईंनी फोन हातात घेऊन तो मजकूर स्वतः वाचला. जन्मात पहिल्यांदा एका कंपनीनं त्यांचं म्हणणं ऐकलं होतं, आणि तेही त्यांना न सांगता.

दुसऱ्या दिवसापासून दिराच्या फोनवरचं गाडीचं खातं बाईंच्या फोनवर आलं. अपडेट आला, की त्या दिवशी सकाळची शिकवणी बंद. बाई गाडी घेऊन खेळाच्या मोकळ्या मैदानावर जात. दीर चपलांच्या दुकानातून मागून आणलेली रिकामी खोकी मैदानात मांडे, आणि बाई एकेका खोक्यावर गाडी घालून बघत, की आज हिच्या अंगात काय संचारलंय. कधी ती चार हातांवर थांबे, कधी खोक्याला चिकटून. एकदा खोक्याला जुमानलं नाही, पण दिराला बघून कचकन थांबली. तेवढं मात्र बरं झालं, असं दीर म्हणाला.

डॉक्टरीणबाई तिसऱ्या खेपेला पास झाल्या. त्यांनी स्वतःची गाडी घेतली, ती नेमकी तीच. हिचे धक्के आता अंगवळणी पडलेत, म्हणाल्या. पहिला अपडेट आला तसा त्यांचा फोन आला.

"मॅडम, आज काय बदललंय हो?"

"मला काय ठाऊक? ती मला सांगून थोडीच बदलते? या मैदानावर, बघू."

त्या आल्या. पुढच्या वेळी त्यांच्या दवाखान्यातला एक दुखऱ्या दाढेचा गृहस्थ आपली गाडी घेऊन आला, मग त्याचा साडू. सर्व्हिस सेंटरचा टायवालाही एकदा लांब कुंपणापाशी उभा राहून बघत होता. तो आत आला नाही, पण गेलाही नाही.

"वहिनी," खोकी मांडून मांडून घामाघूम झालेला दीर म्हणाला, "चपलांचा दुकानदार आता आणखी खोकी द्यायला तयार नाही. विचारत होता, तुमच्याकडे इतक्या चपला घालतं तरी कोण?"

"फ्रिजवाल्याकडे बघा," बाई काच खाली करून म्हणाल्या. "त्याची मोठी असतात. आणि बाजूला व्हा, ही पुन्हा तुमच्याकडेच बघतेय."