काळ्या तोंडाचा मर्क्युरी

आमचे काका जुन्या ब्राँझच्या मूर्ती दुरुस्त करायचे. एका वकिलाने त्यांच्याकडे फ्रान्समध्ये ओतलेला जुना मर्क्युरी आणला. मर्क्युरी म्हणजे टाचांना पंख असलेला देवांचा निरोप्या. वकिलाच्या आईने घासून घासून त्याची तपकिरी झाक पार उडवली होती. काकांनी महिनाभर खपून ती परत आणली, तर पंधरा दिवसांत मर्क्युरी पुन्हा पिवळाधमक होऊन दारात हजर!

काकांनी कपाळावर हात मारला आणि थेट वकिलाचं घर गाठलं. "आजी, हात जोडतो तुम्हाला! तो मळ नाही, रंग आहे."

"देवाचं तोंड काळं करून ठेवलंत, आणि वर मलाच शहाणपण शिकवता?" आजी खेकसल्या.

काकांनी हात टेकले. मूर्तीला पुन्हा रंग चढवला आणि सोबत मेणाची डबी नि मऊ फडकं दिलं. "घासायचंच ना? मग याने घासा."

आजींनी ते मनावर घेतलं. वर्षभरात मूर्तीवर असं तेज आलं, की काकांनाही ते कधी साधलं नव्हतं. पण काकांचा वैताग काही संपला नाही. मेण न्यायला आजी दर आठवड्याला दुकानात येऊ लागल्या आणि बाकीच्या मूर्तींवरून बोट फिरवून म्हणू लागल्या, "केवढी ही धूळ!"