लिफ्टमधला गुप्तहेर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लेखनाच्या भानगडीत पडू नये, असं त्याच्या बायकोचं मत होतं आणि स्वतः लिहिलेल्या कथेचा पहिला भाग वाचल्यावर त्यालाही ते पटलं होतं. पण इलाज नव्हता. बाबांनी आयुष्यभर पोस्टात शिक्के मारले आणि उरलेला वेळ रहस्यकथांत घालवला. आता स्मरणशक्तीने दगा दिला होता, तोही निवडून. तरुणपणी वाचलेल्या कथेतला खुनी त्यांना पहिल्याच ओळीला आठवे; समोर बसलेला मुलगा आठवत नसे. त्याला ते अदबीने 'बसा, लिफ्टवाले' म्हणत. लहानपणी हेच बाबा त्याला ठोंब्या म्हणायचे, तेव्हा त्याला भयंकर राग यायचा. आता चाळिशी उलटलेला हा गृहस्थ कुणीतरी ठोंब्या म्हणावं म्हणून आसुसला होता आणि हे चारचौघांत सांगायचीही सोय नव्हती.

जुन्या कथा बाबांना पाठ, म्हणून त्याने नवी लिहायला घेतली. बाबांचा लाडका गुप्तहेर त्याच्या लांब कोटासकट उचलला आणि लिफ्टमध्ये उभा केला. तळमजल्याच्या खालचं बटण दाबलं की लिफ्ट थेट भूतकाळात. दुसरं कुठलं यंत्र लेखकाला येतच नव्हतं. बायकोने वाचून विचारलं, मागे जाऊन खून होताना बघता येतो, तर हा शोधतो काय? त्या दिवशी लेखकाला घास गोड लागला नाही. मग त्याने तोड काढली: लिफ्ट वाटेत बिघडते आणि खून उरकल्यावरच पोचते. या विषयात त्याचा अनुभव दांडगा होता.

हळूहळू त्याला लोभ सुटला. प्रत्येक खुनी पकडणारे बाबा आपल्यालाही पकडतील, असं त्याला वाटू लागलं. म्हणून एका भागात त्याने एक म्हातारा घातला आणि त्याच्याकडे रोज संध्याकाळी येणारा एक लिफ्टवाला. हा कोण, हे गुप्तहेराने ओळखायचं. पुरावे तर त्याने फावड्याने ओतले.

त्याने वाचून दाखवलेलं सगळं बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

"हाच खुनी," ते म्हणाले. "घराची किल्ली याच्याकडे, औषधं हाच देतो आणि वर पैसे मागत नाही. सरळ माणूस असा वागतो का?"

त्या रात्री त्यांनी त्याच्या हातून गोळी घेतली नाही, बायकोने दिली तेव्हा घेतली. तिने नेहमीसारखा टोमणा मारला नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. सकाळी बाबा सगळं विसरले होते. तो मात्र विसरला नव्हता.

पुन्हा लिहिताना त्याने किल्ली काढली, गोळ्या काढल्या, आपली सगळी हुशारी काढून टाकली. उरला फक्त लिफ्टवाला आणि त्याची लिफ्ट. ती जुन्या पोस्टात उघडते. गुप्तहेराला कळत नाही, हे कुठलं साल. तेवढ्यात त्याला टेबलावर बसवलेला एक पोरगा दिसतो. बापाची नजर चुकवून त्याने तारखेचा शिक्का स्वतःच्याच कपाळावर मारून घेतलेला आहे. गुप्तहेर वाकून कपाळावरचं साल वाचतो. साहेबांची पावलं वाजतात आणि पोराचा बाप घाईने ते कपाळ पुसू लागतो.

"पाण्याने," त्याने वाचलं. हे त्याने मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं.

"पाणी कुठलं तिथे?" बाबा म्हणाले. "थुंकी लावून पुसलं. रुमाल माझा होता."

मग ते बराच वेळ त्याच्या कपाळाकडे बघत राहिले.

"लिफ्टवाला त्या बापाचा मुलगा आहे," ते म्हणाले. "रहस्य इतकं सोपं ठेवतात का रे, ठोंब्या?"

त्याने हातातले कागद खाली ठेवले. दारात उभी असलेली बायको आत गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा म्हणाले, "बसा, लिफ्टवाले." तो बसला आणि तोच भाग पहिल्यापासून वाचायला लागला.