वीस क्रेटची परीक्षा

तेजल गायधनीच्या घरात कोणी कधी धंदा केला नव्हता. वडील शामसुंदर देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत कारकून होते. साहेबांच्या सहीसाठी दाराबाहेर ताटकळण्यात त्यांची तीस वर्षं गेली. ते बघत मोठी झालेली तेजल एवढंच शिकली, की आपण दाराच्या आत असायचं. ती इंजिनीअर झाली, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, आणि तिथेही आपण बाहेरच उभे आहोत असं वाटायला लागल्यावर नाशिकला परत आली. कॉलेजातला मित्र दीपक सोबत होता. दोघांनी सातपूरला अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि कंपनी काढली.

त्यांना करायचं होतं ते सांगायला सोपं होतं. उन्हाळ कांदा पाच-सहा महिने चाळीत, म्हणजे शेतातल्या हवेशीर कोठारात, राहतो. आत कुठेतरी सड लागते, आणि बाहेर वास येईस्तोवर कप्पाच्या कप्पा हातचा गेलेला असतो. ही सड सुरू होतानाच ओळखून मोबाइलवर इशारा देणारी डबी त्यांना बनवायची होती. डबी बनली, पण तिला वास कळेना. पावसाळी दमटपणाला ती सड म्हणायची आणि खऱ्या सडीला गप्प बसायची.

मग त्यांना कारभारीनाना भेटले. कारभारी पानगव्हाणे, वय पासष्टच्या पुढे, राहणार लासलगावजवळच्या एका वस्तीवर. त्यांच्या नाकाची त्या भागात ख्याती होती. व्यापारी चाळीतला माल उचलण्याआधी नानांना मोटारसायकलवर बसवून घेऊन जात. सकाळी पत्रा तापायच्या आत नाना चाळीभोवती एक फेरी मारायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या कप्प्यात, खालच्या अंगाला लागलीय." उकरून बघावं, तर तिथेच.

तेजल दोन हंगाम त्यांच्या मागे फिरली. नानांनी हुंगायचं, डबीने आकडा दाखवायचा, तेजलने दोन्ही वहीत टिपायचं. हजारो नोंदी झाल्या. सुरुवातीला तिला "मॅडम" म्हणणारे नाना दुसऱ्या हंगामात "ताई" म्हणायला लागले.

"ताई, ह्या डबीला माझं नाक लावताय व्हय?" ते हसून विचारायचे.

"हो नाना."

"लावा, लावा. मी काय जन्माला पुरणार हाय?"

डबी शहाणी होत गेली, आणि तिची बातमी एका मोठ्या कंपनीपर्यंत पोचली. बी-बियाण्यापासून शीतगृहांपर्यंत सगळ्यात हात असलेली ती कंपनी. तिथल्या मृण्मयी मॅडम गाळ्यावर आल्या तेव्हा तेजलने सकाळपासून तीनदा फरशी पुसून घेतली होती. मृण्मयी मॅडम फार गोड बोलायच्या. कुणाला तोडून बोललेलं त्यांना कधी कुणी ऐकलं नसावं.

"तेजल, तुझं काम मला मनापासून आवडलंय," त्या म्हणाल्या. "आपण पार्टनर होऊ. यंत्र तुझं, पसारा आमचा. फक्त आमच्या वरच्या लोकांना एक प्रात्यक्षिक दाखवू. तुमच्या त्या नाकवाल्या आजोबांसमोर तुझं यंत्र. व्यापाऱ्यांना बोलवू, व्हिडिओ करू. माणसापेक्षा यंत्र सरस, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की प्रश्न मिटला."

"आणि नाना सरस ठरले तर?"

मृण्मयी मॅडमनी कपातला चहा संपवला. "तर मग आम्हाला यंत्र कशाला हवं?" असं म्हणून त्या छान हसल्या.

तेजलने गुपचूप रंगीत तालीम घेऊन पाहिली. वीस क्रेट मांडले. नाना अठरा बरोबर, डबी सोळा. आठ दिवसांनी परत घेतली, तरी नाना अठराच.

प्रात्यक्षिक लासलगावच्या एका मोठ्या शेडमध्ये ठेवलं होतं. वीस क्रेट, काहींच्या पोटात सडका कांदा, बाकी निवडक माल. नानांनी वरून हुंगून सांगायचं, डबीची नळी मात्र क्रेटच्या मध्यात जायची. सकाळी सगळ्यांच्या आधी तेजल एकटी शेडमध्ये आली. पिशवीत एक डबा होता आणि डब्यात सडक्या कांद्याला सुटलेलं पाणी. तिने ते फडक्यावर घेतलं आणि चांगल्या मालाच्या पाच क्रेटच्या काठांना बाहेरून पुसलं. वाळल्यावर डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दीपक आला तेव्हा ती नळाखाली हात घासत होती. त्याने नाक आक्रसलं, पिशवीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग तो डबी जोडायला वळला.

नाना धुतलेला सदरा घालून आले होते. व्यापाऱ्यांनी "या, नाना, या" म्हणून जागा करून दिली. कॅमेरे सुरू झाले. नाना एकेका क्रेटशी वाकत गेले. चौथ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "सडका." क्रेट पालथा केला. लालचुटूक, खणखणीत कांदा फरशीवर घरंगळला. कुणीतरी हसलं. सातव्याला तेच झालं. अकराव्याला परत तेच. आता हशा मोकळा झाला.

नाना गुडघ्यावर बसले. सांडलेल्या कांद्यांतला एक उचलून त्यांनी हुंगला, मग क्रेटजवळ तोंड नेलं.

"वास येतोय हो," ते म्हणाले. "आजून येतोय."

"नाना, तो तुमच्या मिशीचा असंल!" एक व्यापारी ओरडला, आणि अख्खी शेड हसली.

नानांनी तेजलकडे पाहिलं. या गर्दीत आपल्या बाजूचं एकच माणूस आहे, असं ते पाहणं होतं. तेजल म्हणाली, "नाना, पुढचा घ्या. वेळ होतोय."

शेवटी डबी सतरा आणि नाना तेरा. मृण्मयी मॅडमनी नानांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "आजोबांनी आयुष्यभर खूप केलं. आता त्यांनी आराम करावा." तो व्हिडिओ पंधरा दिवसांत कांद्याच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. दीपक त्याच आठवड्यात कंपनी सोडून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मला तुझ्याबरोबर जिंकायचं होतं, तेजल. हे असं नाही."

तेजलला वाटलं, भावनेने धंदे होत नाहीत. करार तोंडावर आला होता.

करार तोंडावरच राहिला. आधी कायद्याच्या विभागाला वेळ हवा होता. मग त्यांना दोन्ही हंगामांच्या सगळ्या नोंदी तपासायला हव्या होत्या. तेजलने त्या पाठवल्या. मग त्यांच्या चार माणसांना डबी शिकवायची होती. तीही तिने शिकवली, गाळ्यात बसवून, स्वतः जेवणाचा डबा करून आणून. दहा महिन्यांनी चार ओळींची मेल आली, की आम्ही सध्या वेगळ्या दिशेने जायचं ठरवलं आहे, तुम्हाला शुभेच्छा. पुढच्या हंगामात कंपनीने स्वतःची डबी बाजारात आणली. तिच्या जाहिरातीत गुडघ्यावर बसून क्रेट हुंगणारे नाना होते. चेहरा धूसर केला होता, पण लासलगावात सगळ्यांनी त्यांना ओळखलं.

तेजलने गाळा सोडला. आईवडिलांकडे देवळालीला राहायला गेली. लोक विचारायचे, तेव्हा ती "आमची फसवणूक झाली" असं सांगायची, आणि ते खरंही होतं.

एक दिवस मृण्मयी मॅडमचा फोन आला. आवाज तसाच गोड.

"तेजल, एक छोटी अडचण झालीय गं. नव्या वाणाच्या कांद्याला आमचं यंत्र चुकतंय. पुन्हा एखाद्या जाणत्या नाकाशी ताडून पाहावं लागेल. ते आजोबा कुणाशी बोलायलाच तयार नाहीत. तू आणलंस त्यांना, तर तुझ्यासाठी इथे एक चांगली जागा आहे. टीम लीडची."

तेजल दुसऱ्याच दिवशी वस्तीवर गेली. नानांची सून सविता अंगणात धान्य निवडत होती. तिने तेजलला ओळखलं, पण "या" म्हणाली नाही. नाना ओट्यावर बसले होते. अंगाने खूप उतरले होते.

"या ताई," तेच म्हणाले. "बरं हाय ना समदं?"

तिने कंपनीचं काम सांगितलं. नानांनी मान हलवली.

"नाय ताई. माझं नाक गेलंय. त्या दिवशी कळलं. लय वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. कवापासून गेलं असंल? त्याच्या आधी मी किती जणांच्या चाळींत चुकीचं सांगितलं असंल? मी चौघा-पाचांच्या घरी जाऊन माफी मागून आलो."

"आता भाजी करपली तरी सांगत नाहीत," सविता खाली मान घालून म्हणाली. "म्हणतात, मला इचारू नका."

हे ऐकून तेजलला काही झालं नाही असं नाही.  पण त्याच वेळी तिच्या डोक्यात हेही चाललं होतं, की खरं सांगितल्याशिवाय हा माणूस जागचा हलणार नाही. मग तिने सांगितलं. फडकं, पाणी, पाच क्रेट.

सविताचे हात थांबले. नानांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं.

"म्हंजे वास येत होता," ते म्हणाले.

"हो नाना."

"दीड वरीस तुमाला ठाऊक होतं."

"हो."

"आन् आज सांगितलं, ते माझी गरज लागली म्हणून."

 नाना रागावले नाहीत. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "मी येतो कंपनीत. फुकट येतो. फक्त एक करा. उद्या सकाळी लिलावाच्या आधी मार्केटच्या गेटवर या आन् त्या व्यापाऱ्यांसमोर हेच बोला. दोन वाक्यं."

"येते नाना," ती म्हणाली. त्या क्षणी तिला तसंच वाटत होतं.

परतताना विंचूरपाशी तिने गाडी थांबवून मृण्मयी मॅडमना फोन केला. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"चारचौघांत? अगं, तो व्हिडिओ आमच्या जाहिरातीत आहे. असं काही बोललीस तर पहिली केस तुझ्यावर होईल, आणि जागा तर विसरच. आजोबांचं राहू दे. आपण दुसरं कुणी शोधू. तू सोमवारपासून ये."

दुसऱ्या दिवशी तेजल गेली, हेही खरं. का गेली, ते तिलाही सांगता आलं नसतं. मार्केटसमोर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. गेटच्या अलीकडे तिने गाडी उभी केली. काचेतून नाना दिसले. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, सोबत सविता. नाना सात-आठ व्यापाऱ्यांना हाताने थांबवून धरत होते. आवाज येत नव्हता, पण ते काय सांगताहेत ते तिला कळत होतं. ताई येणार हाय, जरा थांबा. एकाने घड्याळ दाखवलं. दुसऱ्याने रांगेतल्या ट्रॅक्टरवरचा कांदा घेऊन नानांच्या नाकाखाली धरला आणि सगळे हसले.

सविताने फोन काढला. तेजलच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला, बंद झाला, पुन्हा थरथरला. लिलावाचा भोंगा झाला. व्यापारी आत गेले. नाना तिथेच उभे राहिले, रस्त्याकडे तोंड करून.

तेजलने गाडी वळवली. सोमवारी ती कंपनीत रुजू झाली. शेतकऱ्यांच्या तक्रारींचे फोन आता तिच्याकडे येतात. सविताचा नंबर तेवढा तिने ब्लॉक केलेला आहे.