आप्पांचा गाण्याचा डबा

गेल्या दोन महिन्यांत माझ्या मर्जीनं झालेली एकच गोष्ट म्हणजे स्पीकरच्या कव्हरचा रंग. बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. आप्पांना शिरूरच्या दवाखान्यात न्यायचं ते शेजाऱ्यांनी ठरवलं, किती दिवस ठेवायचं ते डॉक्टरांनी, आणि मेंढरं विकून टाकायची हे दौंडला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं. मी मान हलवत गेले. मान हलवायला मला छान जमतं. शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत नऊ वर्षं मी वायरी तपासते. वायर बरोबर असली की मान हलवायची आणि पुढची घ्यायची.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचं गाव केंदूर. आजोबांच्या काळात आमचं घर मेंढरांमागं आठ-आठ महिने चालायचं. आता विहीर आहे, कांदा आहे, पक्कं घर आहे. तरी आप्पांनी बावीस मेंढरं ठेवली होती. का ठेवलीत म्हणून विचारलं तर म्हणायचे, पायांना काम पाहिजे. मेंढरं चारायला निघाले की त्यांच्या गळ्यात गाण्याचा डबा असायचा. तळहाताएवढा, कार्डावर चालणारा, एका बाजूनं चिकटपट्टी लावलेला. त्याला पट्टा म्हणून माझ्या जुन्या दप्तराचा बंद शिवला होता. कार्डात शंभरभर गाणी होती, पण आप्पा फिरून फिरून सहाच लावायचे.

सगळं गाव म्हणायचं की ह्यांची मेंढरं डब्याच्या मागं चालतात. खरंच चालायची. गाणं बांधावरून पुढं गेलं की बावीसच्या बावीस माना वर व्हायच्या. आप्पाही हसून सांगायचे, मी कुठं राखतोय, डबाच राखतोय. आम्हा सगळ्यांना ते पटलं होतं. त्यात न पटण्यासारखं काही नव्हतंच.

दोन महिन्यांपूर्वी सकाळी आप्पा विहिरीजवळच्या पाण्याच्या हौदापाशी पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डबा हौदात सापडला, तोही कायमचा मुका. आईनं तो आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला. मोबाइल भिजला की असं करतात हे तिनं कुठंतरी ऐकलं होतं. काही उपयोग झाला नाही, आतलं कार्डही गेलं.

मेंढरं मग कुणाचंच ऐकेनात. आईचे गुडघे धरलेले. ती हाका मारत मागं मागं, आणि मेंढरं लोकांच्या कांद्यात. दिवस कलला तरी काट्याच्या कुंपणातल्या वाडग्यात यायची नाहीत. एकदा तर सगळी डांबरी रस्त्यावर जाऊन बसली आणि एका डंपरवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला. त्या दिवशी आई मला फोनवर म्हणाली, "मला न्हाई झेपत आता. त्यांच्याकडं बघू का मेंढरांकडं?" बहिणीनं भांडगावचा एक माणूस शोधला. स्वतः मेंढरं पाळणारा, कापायला नेणारा नव्हे. रविवारी तो टेम्पो घेऊन येणार होता.

अडचण एकच होती. आमच्या घरात विकलेलं जनावर ओढून गाडीत घालत नाहीत. ते आपल्या पायानं चढलं पाहिजे. ओढून घातलं तर मागं राहिलेल्या घराला बरं नसतं, असं आजोबांपासून चालत आलंय. एरवी मी असल्या गोष्टींना नाक मुरडते. पण घरात खाटेवर माणूस पडलेला असताना आईशी वाद घालायची माझी छाती नव्हती. मेंढरं वाडग्यातच येत नव्हती, मग टेम्पोत आपल्या पायानं कशी चढणार? आई म्हणाली, डबा आण. तसलाच. त्यात तीच गाणी भरून आण. शिरूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनीही सांगितलं होतं की आप्पांना आवडीचं काही ऐकवत जा. म्हणजे एका डब्यात दोन कामं.

शनिवारी सुट्टी झाल्यावर मी शिक्रापूरच्या एका मोबाइल शॉपीत गेले. दुकानदार उत्तरेकडचा. दहा वर्षांत मराठी शिकलाय, पण माल दाखवायला लागला की हिंदीवर येतो. त्यानं काउंटरवर सगळी जत्राच मांडली. मडक्यासारखा गोल एक, त्यात पोटात दिवे फिरणारे. जुन्या रेडिओसारखा दिसणारा एक, बटणं नुसती नावाला. पाण्यात पडला तरी चालणारा एक, तो मी दोनदा हातात घेतला आणि दोनदा ठेवला. मांजराचे कान लावलेले हेडफोन. सायकलच्या दांड्यावर बसवायची पकड. पट्टे, गोंडे, चमकणारी स्टिकरं, आणि कव्हरं तर किती तरी.

मी दीड तास घालवला. खोटं कशाला सांगू, कंपनीची सवय. प्रत्येक बटण दहा वेळा दाबलं, चार्जिंगची पिन हलवून बघितली, बाहेर ट्रक जाताना गाणं ऐकू येतं का ते बघितलं. दुकानदार म्हणाला, दीदी, लग्नाला पोरगं पण इतकं बघत नाहीत. मला हसू आलं नाही. आप्पा पडल्यापासून मला हसू येत नव्हतं आणि रडूही येत नव्हतं. आप्पांना स्ट्रेचरवर बघितलं तेव्हा माझ्या मनात आलं होतं की स्ट्रेचरचं एक चाक वाकडं आहे. इतकंच. मला काही वाटत नाही याची लाज वाटावी, तर तीही वाटत नव्हती. पण पट्टा हिरवा घ्यावा की केशरी, ह्यावर मात्र मी असा काथ्याकूट केला जसं काही त्यावर घर चालणार आहे.

शेवटी साधा चौकोनी डबा घेतला, मोठ्या बटणांचा. डाव्या हातानं दाबता येतील अशा बटणांचा. केशरी पट्टा घेतला, त्याला लोंबणारे दोन गोंडे. पुढं चालणाऱ्या मेंढीच्या गळ्यात आप्पा तसलाच गोंडा बांधायचे. आणि पांढरं, मऊ, लोकरीसारखं कव्हर घेतलं. निळंही होतं, गुलाबीही होतं. मी पांढरं घेतलं.

गाणी भरायची तर मला नावं माहीत नव्हती. दुकानदार म्हणाला, गाऊन दाखवा, मी शोधतो. काउंटरला टेकून मी सहाही गाण्यांच्या चाली गुणगुणले. तो मोबाइलवर शोधत होता, मध्येच थांबला.

"दीदी, लाइन के बाद ये क्या बोलती हो?"

मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी केंदूरला पोचले. आप्पांच्या डाव्या हातात डबा दिला. त्यांनी गाण्याकडे लक्षच दिलं नाही. कव्हरची लोकर दोन बोटांत धरली, चोळून बघितली. बाजारात मेंढरू पारखताना बघायचे तशी. मग सोडून दिली आणि छताकडे बघत राहिले. खोट्या लोकरीवर त्यांचं एवढंच मत पडलं. दीड तासाचं माझं काम दोन बोटांत निकालात निघालं.

रविवारी अकराच्या सुमारास टेम्पो आला. मेंढरं घेणारे भांडगावचे मामा साठीचे असतील, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी आप्पांच्या खाटेजवळ जाऊन हात जोडले. खाट आम्ही लिंबाखाली आणली होती. आप्पांना दिसलं पाहिजे, असं आईचं म्हणणं होतं. मेंढरं ओढ्यापलीकडच्या पडीत चरत होती. टेम्पोला फळी लावली. आईनं भंडाऱ्याची पुडी काढून ठेवली. मी डबा गळ्यात अडकवला, आवाज पूर्ण वाढवला आणि ओढ्याकडे निघाले.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. मी त्यांच्यात जाऊन उभी राहिले, तशी ती बाजूला सरकून चरू लागली. आवाज स्वच्छ होता, जुन्या डब्यासारखी खरखर नव्हती. मला वाटलं, खरखर नाही म्हणून ओळखत नसतील. मी कव्हर काढलं, स्पीकरवर हात धरला, आवाज घोगरा करून बघितला. आई आप्पांचं घोंगडं पांघरून आली, तिनं डबा स्वतःच्या गळ्यात घातला. तिसरं गाणं, चौथं गाणं. मामा तंबाखू मळत उभे होते. माणूस सभ्य म्हणून हसला नाही.

मग ते हळूच म्हणाले, "ताई, ऊन झालं. धरून घालू का एकेक?"

आई म्हणाली, "न्हाई. धरून न्हाई घालायची. न्हाईतर ऱ्हाऊ द्या." तिच्या आवाजावरून मला कळलं, आज ही गेली नाहीत तर उद्यापासून ती पुन्हा गुडघे धरून त्यांच्यामागं फिरणार, आणि आप्पांच्या जोडीला दुसरी खाट टाकावी लागणार.

दुकानदाराचा प्रश्न मला तेव्हा आठवला.

आप्पा गाणं नुसतं ऐकत नसत. प्रत्येक ओळ संपली की तिचा शेवटचा शब्द गाण्याच्या मागून ओढत म्हणायचे, नाकातून, सुराला सोडून, आणि त्याला जोडून "चल गं माय". पुढच्या मेंढीला. ओळ, शब्द, चल गं माय. आयुष्यभर हेच. आम्हाला ते इतकं सवयीचं होतं की ते गाण्यातच धरलेलं. डब्यातून ते निघत नाही हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला ते येत होतं. कसं येत होतं तेही सांगते. मी सातवीत असताना आप्पा शाळेच्या भिंतीच्या कडेनं मेंढरं घेऊन जायचे. तेव्हा गळ्यात रेडिओ होता, डबा नंतरचा. वर्गातल्या पोरी नाकात बोलून मला चिडवायच्या, चल गं माय. काही दिवस मी रडले. मग एक दिवस मीच उठून आप्पांची नक्कल केली. त्या सगळ्यांपेक्षा चांगली केली. हात कमरेवर, मान वाकडी, नाकातून सूर. पोरी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. त्यानंतर मला कुणी चिडवलं नाही, आणि मधल्या सुट्टीत रोज फर्माईश व्हायची. एकदा आप्पा भिंतीपलीकडे थांबलेले मला दिसले होते. ते मेंढरं घेऊन पुढं गेले.

मी आईच्या गळ्यातून डबा घेतला. पाचवं गाणं लागलं होतं. ओळ संपली तसा मी शेवटचा शब्द नाकातून ओढला आणि म्हटलं, चल गं माय.

पुढच्या मेंढीनं मान वर केली. मग बाकीच्यांनी. मी वळून चालू लागले. पुढची ओळ, पुढचा शब्द, चल गं माय. मागून खुरांचा आवाज यायला लागला. मागं बघायचं नाही हे मला माहीत होतं, आप्पाही बघायचे नाहीत. ओढा ओलांडला, बांध ओलांडला. लिंबाखालून जाताना खाटेकडेही मी बघितलं नाही. फळीजवळ बाजूला उभी राहिले आणि म्हणत राहिले. आईनं पुढच्या मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. ती चढली. तिच्यामागून सगळी चढली, न ढकलता, न ओढता, एकामागून एक. मी मापात बोलत होते, कुठं चुकत नव्हते. बाविसावं चढलं तेव्हा मामांनी फळी काढली.

"आवाज बापाचा घेतलाय पोरीनं," ते आईला म्हणाले. चांगल्या मनानं म्हणाले.

मी त्या मेंढरांना फसवलं, असं मला वाटायला हवं होतं. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत मी वाट बघितली, पण तसं काही वाटलं नाही. डबा वाजतच होता. मी तो आप्पांच्या उशाशी ठेवला. त्यांनी डाव्या हातानं चाचपून मोठं बटण शोधलं आणि बंद केला.

त्यानंतर आप्पांनी तो लावू दिलेला नाही. लावला की बंद करतात. आईनं कव्हर धुऊन वाळत घातलं, तेही आता करडं पडलंय.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा आप्पा लिंबाखालीच होते. मी जवळ बसून त्यांच्या बोटांचा व्यायाम घेत होते. त्यांनी हात सोडवून घेतला. आधी माझ्या तोंडाकडे बोट केलं, मग रिकाम्या वाडग्याकडे. मी डबा पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा माझ्या तोंडाकडे बोट केलं. मला कळलं. आई भाकरी थापायची थांबून दारात आली होती.

मी वाडग्याकडे तोंड केलं आणि नाकातून सूर ओढून म्हटलं, चल गं माय.

वाडग्यात काही हललं नाही. माझं तोंड मात्र वेडंवाकडं झालं, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला रडू आलं. आप्पा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत धरलं आणि मान हलवली, पुन्हा म्हण म्हणून.