पोस्टमनच्या मागून आलेली मोटार

आमच्या शांपरू गावात फिर्मँ बालुतोला कोणी धावताना पाहिलेलं नाही. एकदा पाटलोणीत गांधीलमाशी शिरली होती, तेव्हा तो जरा भरभर चालला, असं म्हणतात. पण ते बघणारे दोघेही आता हयात नाहीत. फिर्मँ आमचा पोस्टमन. वय एक्कावन्न. पत्र दारात टाकून पुढे जाणं त्याला उद्धटपणाचं वाटे. तो पत्र हातात देई आणि समोरचा ते वाचेपर्यंत उंबऱ्याशी थांबे. बातमी चांगली असली तर ग्लासभर वाईन मिळे, वाईट असली तर तोच दोन शब्द बोलून जाई. त्यामुळे सकाळचं टपाल आमच्याकडे दुपारी यायचं आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार होती ती पोस्टखात्याची. त्या वसंतात पत्रक आलं: एक जुलैपासून टपाल सायकलवरून वाटायचं. ज्याला सायकल येत नाही, त्याची बदली प्वातिए शहरातल्या कचेरीत. म्हणजे चार भिंतींत बसून पत्रांवर शिक्के मारायचे आणि पत्र वाचताना माणसाचा चेहरा कसा होतो ते कधी बघायचंच नाही. फिर्मँ दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला आणि बायकोला म्हणाला, "झेली, मला शिकव."

झेली इस्त्रीचं काम करायची आणि कपड्यांची टोपली मागे बांधून सायकलवरून घरोघर जायची. पहाटे जत्रेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली.

"चाकाकडे काय बघताय? पुढे बघा. चाक काही कुठं पळून जात नाही."

"पळतंय असं वाटतंय, म्हणूनच लक्ष ठेवलंय."

"आणि पाय मारा. तुम्ही पाय मारताय की विचार करताय?"

महिन्याभरात फिर्मँ सरळ जायला शिकला. हळू, पण सरळ. वळणही जमलं. जमेना ते चढणं आणि उतरणं. चढायचं तर हौदाच्या काठावरून, उतरायचं तर झेलीच्या अंगावर.

"बावीस वर्षं संसार केला," झेली त्याला सावरत म्हणाली, "पण माझ्या गळ्यात पडायला तुम्हाला सायकल लागली."

त्याच सुमारास पॅरिसहून बोर्दोला निघालेली मोटारींची शर्यत आमच्या गावातून जाणार असं ठरलं. रस्त्यावर या गाड्या सुसाट सुटत, पण गावात तो माज चालत नसे. वरच्या वेशीपासून खालच्या पुलापर्यंत प्रत्येक गाडीपुढे एक सायकलवाला असे, त्याला ओलांडायचं नाही. या अंतराला बारा मिनिटं ठरलेली, ती शर्यतीत धरत नसत. लवकर पोचलात तर पुलाशी थांबा. सायकल क्लबची तीन पोरं तयार होती, चौथा माणूस मिळेना. नगराध्यक्षांनी पोस्टाच्या इन्स्पेक्टरसाहेबांना पुलाजवळच्या मांडवात पाहुणे म्हणून बोलावलं होतं. हे कळल्यावर फिर्मँ स्वतःच उभा राहिला.

"सायकल येते का तुला?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"रस्ता येतो," फिर्मँ म्हणाला.

शर्यतीच्या दिवशीही टपाल आलंच. फिर्मँने पिशवी मागे बांधली. पहिल्या तीन गाड्या क्लबच्या पोरांनी आठ-आठ मिनिटांत पुलाशी नेऊन उभ्या केल्या. तिथे ड्रायव्हर धूर सोडत आणि शिव्या देत चार-चार मिनिटं ताटकळले. चौथी गाडी फिर्मँच्या वाट्याला आली. तो वेशीजवळच्या हौदावरून चढला आणि मोठ्या रस्त्याला लागला, मागे घरघरणारी मोटार.

त्याला हँडलवरचा हात काढता येईना. पण आमचं गाव शहाणं. लोक बाजूने चालू लागले आणि फिर्मँ समोर बघत सांगू लागला, "मादाम तिसो, निळं पाकीट तुमचं. दाखवू नका कोणाला." ज्याने त्याने आपापलं पत्र पिशवीतून काढून घेतलं.

अडचण आली माझ्या पावाच्या दुकानासमोर. तिथे प्रूसोआजी राहते. तिला नीट दिसत नाही, ऐकूही कमीच येतं आणि मुलगा जूल आरमारात स्वयंपाकी. त्याचं पत्र त्या दिवशी आलं होतं. फिर्मँने माझ्या डोळ्यांदेखत सायकल तिच्या भिंतीला नेऊन टेकवली, भिंतीला धरून कसाबसा खाली घसरला, पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

ड्रायव्हरने डोळ्यांवरचा चष्मा वर सारला. "अहो, ही शर्यत आहे."

"हो ना," फिर्मँ म्हणाला, "म्हणून तर आज जरा घाईत वाचतोय."

"हा आवाज कसला रे, फिर्मँ?" आजीने विचारलं.

"मोटार आहे, आजी."

"मग तिला म्हणावं जरा गप्प राहा. आणि ते कांद्यांचं परत वाच."

ड्रायव्हरने इंजिन जमेल तितकं हळू केलं. कांद्यांचं परत वाचून झालं. फिर्मँ निघायला वळला आणि त्याच्या लक्षात आलं की इथे हौद नाही. पुलाशी इन्स्पेक्टर घड्याळ हातात धरून बसला असणार. फिर्मँचा चेहरा असा पडला की ड्रायव्हर खाली उतरला आणि त्याने सायकलची सीट धरली.

"सोडू नका हं."

"नाही सोडत."

"सोडलंत का?"

"कधीच सोडलं. जा आता."

सायकलने वाचवलेली मिनिटं आजीच्या पत्रात गेली होती. चौथी गाडी बरोबर बाराव्या मिनिटाला पुलाशी आली आणि ड्रायव्हर क्षणभरही न थांबता टोपी हलवत पुढे निघून गेला. फिर्मँ पुलाशी वाट बघत उभ्या असलेल्या झेलीच्या गळ्यात पडला.

"वेळेवर आलेला हा एकटाच," इन्स्पेक्टर म्हणाला. मग त्याने भुवया चढवल्या. "पण उतरायला बायको लागते वाटतं?"

"साहेब," झेली म्हणाली, "पत्रकात सायकल चालवता यावी असं आहे. उतरण्याचं कुठं लिहिलंय?"

इन्स्पेक्टरने खिशातून पत्रक काढून दोनदा वाचलं. सरकारी माणूस तो. कागदावर नाही म्हणजे नाही. फिर्मँला गावातच ठेवण्याच्या कागदावर तिथेच सही झाली.

जुलैत खात्याची नवी कोरी सायकल आली. तेव्हापासून ती रोज दारोदार हिंडते. पिशवी हँडलला, फिर्मँ शेजारून चालत. टपाल दुपारीच येतं. बसत का नाहीस, असं विचारलं तर तो म्हणतो, "बसलो तर उतरावं लागतं, आणि त्या वेळी झेलीची इस्त्री तापलेली असते."