थोरलीची पोटदुखी

दोघी जावांचं मिळून एक पार्लर होतं. औषधांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की एक उजेडाची खोली. दोन खुर्च्या, दोन आरसे, मागे केस धुवायचं बेसिन. खिडकीजवळची खुर्ची थोरलीची, दाराजवळची धाकटीची. पार्लर थोरलीने काढलेलं. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिला कात्रीसुद्धा धड धरता येत नव्हती. थोरलीनेच तिला मागे उभं करून शिकवलं, चुकली तर बोटांवर कंगवा मारून शिकवलं. आणि ती इतकी पटकन शिकली, की शिकवणारीलाच वाटायला लागलं, आपण जरा सावकाश शिकवायला हवं होतं.

धाकटीचा हात हलका होता आणि जीभ त्याहून हलकी. बायका आधी दोघींपैकी जी मोकळी असेल तिच्याकडे बसायच्या. मग काहीजणी धाकटीची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबायला लागल्या. थोरली मोकळी बसलेली असली तरी मासिक चाळत थांबायच्या. थोरली ब्रश धुवत राहायची, आधीच स्वच्छ असलेले.

त्यातच धाकटीचं ऑपरेशन झालं. अंडाशयावर गाठ होती, दुर्बिणीतून काढली. दोन दिवसांत घरी आणि दुसऱ्या आठवड्यात खुर्चीमागे उभी. आल्या-गेल्या बायकांना ती पदर सरकवून पोट दाखवायची. तीन बारीक ठिपके, डास चावल्यासारखे. बायका चकित व्हायच्या, तिच्या हिमतीचं कौतुक करायच्या. थोरली शेजारच्या आरशात बघत असायची. हिचं आजारपणसुद्धा कसं नीटनेटकं, तिला वाटायचं.

कारण थोरलीचं स्वतःचं आजारपण नीटनेटकं नव्हतं. गेलं वर्ष-दीड वर्ष तिला पाळीत भयंकर रक्तस्राव होत होता. काळे कपडे घालून ती कामावर यायची, दर थोड्या वेळाने मागच्या मोरीत जायची, आणि ओटीपोटातली कळ दाबायला खालच्या दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खायची. तिच्या पोटात दुखत होतं, ते दोन्ही अर्थांनी. पण डॉक्टरकडे जायचं म्हणजे अंथरुणावर पडायचं, आणि अंथरुणावर पडायचं म्हणजे खिडकीजवळची खुर्ची धाकटीच्या ताब्यात द्यायची. त्यापेक्षा दुखलेलं परवडलं.

शेवटी एक दिवस केसांना रंग लावता लावता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. रंगाची वाटी हातातून गेली, गिऱ्हाईकाच्या मांडीवर सांडली आणि थोरली खाली बसली. धाकटीने तिला रिक्षात घातलं आणि आपल्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तेही थोरलीला लागलं. डॉक्टरसुद्धा हिची.

गर्भाशयात नारळाएवढी गाठ निघाली. अंगात रक्त इतकं कमी, की आधी ते भरून काढल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढता येईना. लोहाच्या सलाईनी झाल्या, तोंडावर जरा रंग आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवलं. गर्भाशय काढावं लागेल, म्हणाल्या. अंडाशयं चांगली आहेत, ती ठेवू.

थोरलीने एकच प्रश्न विचारला. "हिच्यासारखं होईल ना? तीन भोकांचं?"

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. गाठ मोठी आहे आणि आधीची दोन सिझेरियन आहेत. अशा वेळी मूत्राशय, कधी आतडंही, गर्भाशयाला चिकटून बसलेलं असतं, ते सोडवताना इजा व्हायची भीती असते. दुर्बिणीने सुरुवात करून बघू, पण आत फारच चिकटलेलं दिसलं तर पोट उघडावं लागेल. तो निर्णय टेबलावरच होईल, आणि त्याची तयारी आत्ताच मनात करून सही करायची.

थोरलीने मान हलवली, पण ऐकलं फक्त 'दुर्बिणीने सुरुवात' एवढंच. पुढचं सगळं धाकटी ऐकत होती. रक्ताची सोय कुठून करायची, आदल्या रात्रीपासून काय खायचं-प्यायचं नाही, काढलेली गाठ तपासायला जाते का, घरी गेल्यावर कशाकशाने घाबरायचं, सगळं विचारत होती. डॉक्टरीणबाईही तिच्याकडेच बघून बोलायला लागल्या. आजारी मी, आणि बोलणं हिच्याशी. थोरलीचा जळफळाट झाला.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत का. थोरली नाही म्हणाली.

"ताई रोज दुखण्याच्या गोळ्या घेतात," धाकटी म्हणाली. "दिवसाला चार-चार."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो, ऑपरेशनच्या आधी काही दिवस त्या बंद करायला हव्यात. हे न सांगता टेबलावर आला असतात तर रक्त थांबवताना माझी त्रेधा उडाली असती, त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, पण थोरलीचे कान तापले. दवाखान्याचा जिना उतरताना ती धाकटीला म्हणाली, "चुगली करायला आली होतीस का बरोबर?" धाकटी तिचा हात धरून उतरवत राहिली. थोरलीने हात सोडवून घेतला.

ऑपरेशन झालं. गुंगी उतरताच थोरलीने आधी काय केलं असेल, तर चादरीखालून हात पोटावर नेला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. तिने डोळे पुन्हा मिटून घेतले. नवऱ्याला वाटलं, दुखतंय. तो नर्सला बोलवायला गेला.

मूत्राशय पक्कं चिकटलेलं होतं, म्हणून पोट उघडावं लागलं. बाकी सगळं ठीक पार पडलं. नर्सने दुसऱ्याच दिवशी उठवून चालायला लावलं, आणि पायांत घट्ट लांब मोजे चढवले. रक्त पायात साचून गोठू नये म्हणून, ती म्हणाली. घरी गेल्यावरही घाला, दिवसातून थोडं थोडं चाला, पण एका जागी उभं राहू नका, वजन उचलू नका.

"माझ्या जावेला घातले होते का हे?" थोरलीने विचारलं.

नर्सला आठवेना. छोट्या ऑपरेशनला एवढे दिवस लागत नाहीत, ती म्हणाली.

छोटं ऑपरेशन. थोरलीने घरी जाताच मोजे कपाटाच्या खालच्या खणात कोंबले. घरात तिला कोणी इकडची काडी तिकडे करू देत नव्हतं. दोन्ही मुलं आणि नवरा आळीपाळीने पाणी आणून देत. पण तिचं लक्ष होतं पार्लरवर. धाकटी संध्याकाळी येऊन दिवसभराचं सांगायची, आणि थोरली एकेक नाव पकडून ठेवायची. बँकेतल्या मॅडम येऊन गेल्या म्हणे. त्या मॅडम पहिल्या दिवसापासून थोरलीच्या. कोणाकडे बसल्या, हे विचारायची गरजच नव्हती.

धाकटी दुसऱ्या आठवड्यात उभी राहिली होती. थोरली तिसऱ्या आठवड्यात, सगळे कामाला गेल्यावर, जिना चढून पार्लरमध्ये हजर झाली. धाकटीने परत पाठवायचा प्रयत्न केला, पण गिऱ्हाइकांसमोर किती बोलणार? थोरलीने कात्री हातात घेतली आणि सकाळपासून दुपारपर्यंत हटली नाही. टाके ओढत होते, कपाळावर घाम होता, पण ती हसून बोलत होती. बँकेतल्या मॅडमना निरोप धाडून बोलवायचंही तिने मनात योजलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी खाली पडलेले केस झाडत होती. झाडता झाडता थांबली.

"ताई, डावी चप्पल का काढलीत?"

"घट्ट होते आहे."

"आणि उजवी?"

थोरलीने डावा पाय खुर्चीमागे घेतला. धाकटी खाली बसली आणि तिने दोन्ही पोटऱ्यांना हात लावून बघितला. डावी सुजून तुकतुकीत झाली होती आणि गरम लागत होती. हात दाबताच थोरली कळवळली. धाकटीने समोर बसलेल्या बाईची माफी मागितली, ओल्या केसांनिशी तिला घरी पाठवलं आणि दार ओढून घेतलं. थोरली म्हणत होती, संध्याकाळी बघू, चमक भरली असेल. धाकटीने आवाज चढवला नाही.

"एकाच पायाला सूज आली तर तासभरही थांबायचं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तुम्ही तेव्हा माझ्यावर रागावून बसला होतात. म्हणून मी ऐकून ठेवलं."

पायाच्या सोनोग्राफीत रक्ताची गुठळी दिसली. डॉक्टरीणबाईंनी या वेळी मात्र थोरलीच्याच डोळ्यांत बघून सांगितलं, की ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर श्वास अडकला असता आणि वेळ हातात राहिला नसता. रक्त पातळ करायची इंजेक्शनं लगेच सुरू झाली. पुढे काही महिने गोळ्या घ्यायच्या होत्या.

धाकटी वॉर्डात पलंगाशेजारी स्टुलावर बसून होती. थोरलीला उपकाराचं ओझं सोसवेना. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझं बरं झालं. तीन ठिपक्यांत निभावलं."

धाकटीने स्टूल पलंगाजवळ ओढलं. मग म्हणाली, "माझं एक अंडाशय गेलं, ताई. गाठीबरोबर काढावं लागलं. लोकांना ठिपके दाखवले की ते पुढचं विचारत नाहीत."

थोरलीने मान वळवली.

"तुमच्या पोटावरचा जुना आडवा व्रण मी बघितलाय," धाकटी म्हणाली. "दोन्ही मुलांच्या वेळचा. मला तो तुमच्याकडून मागून घ्यावासा वाटायचा."

कोणालाही वाटेल, की हे ऐकून थोरलीला रडू आलं असेल. आलं, पण नंतर. आधी तिच्या मनात आलं ते असं, की दुःखातसुद्धा ही माझ्या वरचढ निघाली. या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की तिने चादर तोंडावर ओढली. चादरीखाली मग रडू आलं. धाकटीला वाटलं पाय दुखतोय, म्हणून ती पायाखाली उशी सरकवत बसली.

थोरली पुरेसे दिवस घरी राहिली. मोजे घातले, गोळ्या चुकवल्या नाहीत. पार्लरमध्ये परतली तेव्हा सुरुवातीला निम्मा दिवसच, अधूनमधून बसत. बँकेतल्या मॅडम आल्या, थोरलीची प्रेमाने चौकशी केली आणि जाऊन धाकटीच्या खुर्चीत बसल्या. थोरलीच्या पोटात कळ उठली. आता तिथे गाठ नव्हती, गर्भाशयही नव्हतं, तरी उठली.

धाकटीची तपासणी ठरली होती. इतके दिवस ती एकटीच जात असे. या वेळी थोरली बरोबर गेली आणि समोरच्या खुर्चीत न विचारता बसली. डॉक्टरीणबाई काही बोलायच्या आत तिने विचारलं, एका अंडाशयावर मूल होतं का. होतं, पुष्कळजणींना होतं, त्या म्हणाल्या. वय फार पुढे जाऊ देऊ नका, आधी या तपासण्या करू, नवऱ्याचीही करायला हवी. धाकटी मान खाली घालून बसली होती, तिचं अर्ध्या गोष्टींकडे लक्षच नव्हतं. थोरली मात्र एकेक शब्द ऐकत होती, न कळलेला पुन्हा विचारत होती.

मूल झालं तर काय होणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं. सगळं घर धाकटीभोवती फिरेल, गिऱ्हाइकं भेटवस्तू घेऊन जिना चढतील, आणि आपला नुसता तिळपापड होईल. होऊ दे, ती मनाशी म्हणाली, आणि नवऱ्याची तपासणी नेमकी कधी करायची ते विचारायला पुढे सरकली.